आईचं गोंदण, आबांचं टेबल आणि एफ १.८

आधी पैशाचं सांगते, कारण असं काही वाचताना मला स्वतःला तेच पहिल्यांदा हवं असतं. घरी येऊन दोन तास फोटो काढणं, त्यातले पंचवीस रिटच करून, म्हणजे डागबिग साफ करून, देणं आणि सोळा बाय चोवीस इंचांचा एक फोटो फ्रेम करून देणं, सगळं मिळून १२,००० रुपये. त्यातले ३,००० आगाऊ, बाकीचे फ्रेम हातात पडल्यावर. पंचविसाच्या वर हवे असतील तर फोटोमागं १५०. कोल्हापुरात याहून स्वस्तात करणारे आहेत आणि दुप्पट घेणारेही आहेत. स्टुडिओचं नाव मी देणार नाही. त्यांच्या हातून चुका झाल्या, त्यांनी त्या निस्तरल्याही. पण एकदा नाव छापलं की लोक चुकांपर्यंत वाचतात आणि तिथंच दुकानाचा निकाल लावून मोकळे होतात.

निमित्त होतं आईच्या पंचाहत्तरीचं. भाऊबीजेला दादा बेंगळुरूहून आला, धाकटी बहीण नाशिकहून, काका-काकू गडहिंग्लजहून. मोजून चौदा माणसं. सगळ्यांत लहान म्हणजे दादाची नात, आईची पणती, चौदा महिन्यांची. इतकी माणसं एका छताखाली परत कधी जमणार म्हणून मी महिनाभर आधीच फोटोग्राफर ठरवून ठेवला होता.

आईच्या अटी दोनच. फोटो घरातच, सोप्यासमोर, म्हणजे ओसरीसमोर काढायचा. आणि मागं आबांचं टेबल दिसलं पाहिजे.

हे टेबल काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. माझे वडील, आबा, १९६८ ते १९८९ गावातल्या एका स्टुडिओत रिटचर होते. कॅमेऱ्यामागं नाही, आत, अर्ध्या अंधारात. टेबल म्हणजे उतरत्या पाटीसारखी लाकडी चौकट, मधोमध घासलेली दुधी काच, खाली कलता आरसा आणि डोक्यावर काळ्या कापडाची झापड. खिडकीतला उजेड आरशावरून वर काचेत येतो, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि पेन्सिलीनं काम करायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी रेघ दिसते, पण निगेटिव्हवर ती पारदर्शक फट असते. ती फट शिशानं हलकेच भरली की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर रेघ फिकी होते. गुळगुळीत निगेटिव्हवर पेन्सिल चढत नाही, म्हणून आधी एक चिकटसर द्रव कापडाच्या बोळ्यानं चोळायचा. पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. आबांच्या खणात अशी वीसेक टोकं असत आणि आम्हां भावंडांना त्या खणाला हात लावायची बंदी होती.

पुढं ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म आली. तिची निगेटिव्ह जेमतेम छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची. ग्रूप फोटोत एकेक चेहरा तांदळाच्या दाण्याहून लहान. त्यावर कसली पेन्सिल चालणार? स्टुडिओवाल्यांनी टेबल अडगळीत टाकलं, ते आबांनी हातगाडीवर घालून घरी आणलं. आबा गेल्यावर आई त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. पण ठेवायच्या आधी खाली कापड अंथरते.

तर भाऊबीजेला दुपारी साडेचारला फोटोग्राफर आला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, बरोबर एक मदतनीस. वेळेवर आला, चपला बाहेर काढल्या, आईच्या पाया पडला. पोरीला रडू न आणता आईच्या मांडीवर कसं बसवायचं हे त्याला आमच्या सुनेपेक्षा जास्त कळत होतं. माणसं हाताळण्याचे गुण मी त्याला पैकीच्या पैकी देते. रांगाही त्यानं नीट लावल्या. पुढं खुर्च्यांवर आई, काका, काकू. त्यांच्या मागं बायका उभ्या. त्यांच्याही मागं सोप्याच्या पायरीवर दादा, मेहुणे, आमचे हे आणि पोरं. टेबलावरच्या बरण्या काढून ते डाव्या खांबाशी तिरकं ठेवलं, म्हणजे माणसांच्या आड जाणार नाही. मग हा मुलगा अंगण ओलांडून फाटकाबाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला आणि मोठ्या तोंडाच्या लेन्सनं फोटो काढायला लागला. मी म्हटलं, "टेबल येतंय ना?" तो म्हणाला, "येतंय मॅडम, एकदम क्रीमी येतंय."

क्रीमी शब्दालाच मी सावध व्हायला हवं होतं.

रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सहा फोटो आले. फोनवर बघून सगळे खूश. आई चेहऱ्यानं अशी उठून आली होती की बघत राहावं. वहिनीच्या माहेरी फोटो गेला आणि तिकडून विचारणा आली, "छान आहे हो, मागं शिलाई मशीन आहे का?"

मी शाळेत गणित शिकवते. संशय आला की आकडे काढायची खोड आहे. त्या मुलानं तीन फोटोंच्या मूळ फायलींची लिंक पाठवली होती. माझ्या लेकानं त्या लॅपटॉपवर उघडल्या. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं, त्यामुळं फोनवर सगळंच धारदार दिसतं. कुणाचेही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पसंत करू नका, मूळ फाइल मागा आणि सगळ्यांत मागच्या रांगेतल्या माणसाचे डोळे मोठे करून बघा. आमच्या मागच्या रांगेत दादा होता. दादाला पापण्याच नव्हत्या. चेहऱ्यावर कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं. बायकांच्या रांगेत वहिनीचं मंगळसूत्र नुसती काळी दोरी झालेलं.

फाइलीत कॅमेऱ्यानं लिहून ठेवलेलं असतं: लेन्स ८५ मिलिमीटर, एफ १.८, शटर उघडं सेकंदाचा ५००वा भाग, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला तो आकडा) २००. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, आणि भोक मोठं तितका धारदार दिसणारा पट्टा अरुंद. फाटकापासून आईच्या खुर्चीपर्यंत सात मीटर. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (आतला सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा) एवढ्या अंतराला या लेन्सनं एफ १.८ ला जेमतेम पाऊण मीटरचा पट्टा धारदार येतो, आणि त्यातलाही निम्मा आईच्या पुढं, म्हणजे रिकाम्या अंगणात, फुकट गेलेला. आईच्या मागं उरले चाळीसेक सेंटिमीटर. बायका तिच्यामागं दोन फुटांवर, पुरुष चार फुटांवर, टेबल सहा फुटांवर. म्हणजे दादाला पापण्या मिळण्याची शक्यता पहिल्यापासूनच नव्हती, आणि टेबलाचं शिलाई मशीन होणं ठरलेलंच होतं.

रात्री दहाला फोन केला. इथं मी त्या मुलाला मनापासून मानते. त्यानं "प्रिंटमध्ये कळणार नाही" असं एकदाही म्हटलं नाही. आधी म्हणाला, "मॅडम, एआयनं शार्प करून पाठवतो." अर्ध्या तासात पाठवलंही. त्यात दादाला पापण्या आल्या होत्या, भुवया आल्या होत्या, दातही नवे आले होते. फक्त तो दादा नव्हता. दादाचा कुणी सुखवस्तू आतेभाऊ असावा तसा. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? ते दुसऱ्या हजार चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं आणि रंगवून देतं. मी हे सांगितल्यावर तो दोन सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येतो. पैसे नाहीत जादा."

दादाची गाडी दुपारी होती. सकाळी आठला मुलगा हजर. समोरच्या दुमजली घरामुळं आमच्या अंगणात साडेनऊपर्यंत ऊन येत नाही, त्यामुळं उजेड सगळीकडं सारखा आणि मऊ. या वेळी मी त्याच्या शेजारी उभी राहिले. लेन्स तीच, जागा तीच. एफ ८, आणि फोकस आईवर नाही, बायकांच्या रांगेवर. आता आईच्या पुढं हातभर जागेपासून टेबलाच्या मागच्या भिंतीपर्यंत सगळं पट्ट्यात. भोक एवढं लहान केल्यावर उजेड कमी पडतो, त्याची भरपाई त्यानं सेकंदाचा १२५वा भाग आणि आयएसओ १००० करून केली. आकडे बरोबर जुळतात, मी तिथंच मनातल्या मनात करून बघितले. एवढ्या सावकाश शटरला मूल हललं की पुसट होतं, म्हणून त्यानं तीसेक फोटो घेतले. एकात पोरीनं मान फिरवलेली, तर शेजारच्या फोटोतली तिची मान उचलून बसवली. हे मला चालतं. तीच पोर, तीच मांडी, तोच मिनिट.

पण मग पहिल्या दिवशी एफ १.८ का? विचारलंच मी. तो म्हणाला, "लोकांना मोबाइलच्या फोटोपेक्षा वेगळं दिसायला हवं असतं. सगळं शार्प दिलं तर म्हणतात, यासाठी बारा हजार?" त्याचंही चूक नाही. मागचं पुसट म्हणजे महाग कॅमेरा, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. गंमत म्हणजे मोबाइलही आता तेच करतो, फक्त काचेनं नाही, कात्रीनं. माणसाची कडा अंदाजानं ओळखायची आणि बाकीचं पुसायचं. माझ्या भाचीनं तिच्या फोनवर आईचा असा फोटो काढला होता. त्यात गजऱ्याचा अर्धा मोगरा पुसला गेला, चष्म्याची एक काडी गायब, आणि कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोपरात जी फट राहते तिच्यातून मागची विटांची भिंत लख्ख, तर बाकी सगळी भिंत धूसर. खऱ्या लेन्सचा पुसटपणा अंतराप्रमाणं वाढत जातो. जवळची वीट कमी पुसट, लांबची जास्त. कात्रीला ते अजून नीट जमत नाही. मात्र या स्टुडिओनं दिलेल्या एकाही फोटोत कात्रीचं काम नव्हतं. तपासून बघितलं.

आणि पुसट करणं जिथं शोभतं तिथं या मुलाचा हात खरोखर चांगला आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, त्यानं सुनेचा आणि पोरीचा एक फोटो घेतला. दोघी अंगणाच्या या टोकाला, तुळशीवृंदावन त्या टोकाला, त्यावर पणत्या. इथं एफ १.८ च हवं होतं. पणत्यांचे सोनेरी गोल झालेत, मधले अगदी गोल आणि फोटोच्या कडेकडेचे लिंबाच्या फोडीसारखे निमुळते. सुनेचे डोळे, पोरीची टाळूवरची लव, तिच्या मुठीतलं करंजीचं टोक, एवढंच धारदार. मागं तुळस आहे हे कळतं, आणि तेवढंच पुरे. माणसं दोनच, दोघींचे चेहरे एका रेषेत आणि मागचं लांब असलं की ही लेन्स सोनं करते. बारा हजारांतले पाच मी त्या एका फोटोचे समजते.

आबांच्या स्टुडिओत मागं पडदा असायचा. महालाचा जिना, कठडा, लांबवर बाग. कोल्हापूरला पडद्यांचं काय नवल. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवत, आणि त्या हातांची सवय गावातल्या पेंटरांकडून फोटोच्या पडद्यांवरही उतरली असणार. आबा दाखवायचे, चांगल्या पडद्यावरची बाग मुद्दाम अस्पष्ट रंगवलेली असते. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याचं भोक बारीक करून माणूस नखशिखान्त धारदार घेतला तरी बाग लांब वाटते. पुसटपणा तेव्हाही विकतच मिळायचा, फक्त तो रंगाऱ्याकडून.

आता रिटचिंग. माझी खरी तक्रार इथं आहे.

बारा दिवसांनी पंचवीस फोटो आले. सगळे चेहरे शाडूच्या मूर्तीला पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिल्यावर दिसते तसे. काकांच्या भुवईवर लहानपणीच्या विटीदांडूची खोक आहे, ती बुजलेली. दादाच्या कपाळावरच्या तीन आठ्या गेलेल्या. त्या नसल्या तर दादा काही ऐकून घेतोय की नाही तेच कळत नाही. आणि आम्ही चौदाही जण एकाच रंगाचे. आमच्या घरात गव्हाळ आहेत, सावळे आहेत, काकू चांगल्या गोऱ्या आहेत; इथं सगळ्यांना एका डब्यातून पावडर लावलेली. भाची सोळा वर्षांची, सावळी, तरतरीत. तिनं ग्रूपवर एवढंच लिहिलं: "मावशी, यात मी कुठाय?"

आईला फोटो टॅबवर मोठा करून दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ही कोण गं?"

"तूच की."

"मग माझं गोंदण कुठं गेलं?"

आईच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवट ठिपका आहे. तिच्या आजीनं जत्रेत गोंदवून घेतला, ती सहा-सात वर्षांची असताना. सॉफ्टवेअरनं तो डाग समजून पुसून टाकला होता. पंचवीसपैकी आई अकरा फोटोंत होती आणि अकराही ठिकाणी हनुवटी साफ.

दुकानात जाऊन समोर बसले. मुलानं स्क्रीनवर दाखवलं, कसं होतं ते. चेहरे सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. त्वचेचा पोत एका थरात, रंगाचे चढउतार दुसऱ्या थरात वेगळे करतं, रंगाचा थर पसरवून सपाट करतं, लहान काळे ठिपके भरून काढतं, आणि त्यांनी ठरवून ठेवलेल्या मापानं उजळ करतं. एक बटण, पंचवीस फोटो, चहा येईपर्यंत काम तमाम. म्हणाला, "मॅडम, दहातले नऊ जण म्हणतात अजून थोडं गोरं करा. न विचारता केलं तर वेळ वाचतो." मी म्हटलं, "त्या दहाव्या जणीला विचारायला काय घेता?" हसला. पण मला हसू आलं नव्हतं. रंग बदलणं ही सेवा आहे असं ज्याला वाटतं त्यानं ती दरपत्रकात लिहावी, म्हणजे नको तरी म्हणता येईल.

आबांचा नियम मला पाठ आहे. पंधरा दिवसांत जाणारं असेल ते काढायचं. जन्माचं असेल त्याला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं. त्यांच्या वेळी सगळ्यांत जास्त काम देवीच्या वणांचं असे. लग्नाच्या मुलीचा फोटो म्हटला की घरचे दबक्या आवाजात सांगायचे, "वण तेवढे बघा." आबा ते बुजवत, पण पूर्ण नाही. म्हणायचे, उद्या पाहुणे बघायला आले आणि मुलगी फोटोसारखी नसली तर चहाचे कप तसेच राहतील. पेन्सिलीनं एकेक खळगा भरायला दोन-दोन तास जात. हात इतका सावकाश चालला की काय ठेवायचं याचा विचार आपोआप होतो. बटणाला तो वेळच मिळत नाही.

मी घरी येऊन फोटोंवर गोल करून यादी पाठवली, पेपर तपासावा तशी. गोंदण परत. काकांची खोक परत. सगळ्यांचा मूळ रंग परत. आठ्या परत, निदान दादाच्या. भाचीच्या कपाळावरच्या तारुण्यपिटिका काढल्या त्या तशाच राहू देत, महिन्याभरात जाणारच आहेत. दादाचं दाढी करताना कापलेलं, मेहुण्यांच्या शर्टावरचा श्रीखंडाचा डाग, वरून गेलेल्या केबलच्या तारा, खांबाआडची लाल प्लॅस्टिकची बादली, हे सगळं गेलं ते उत्तम गेलं. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र त्यानं पसारा समजून पुसलं होतं आणि त्या जागी शेजारच्या विटा चिकटवल्या होत्या. एकाच विटेवरचा तोच पोपडा ओळीनं तीनदा दिसत होता. कॅलेंडर परत आणवलं. तीस वर्षांनी पणतीला महिना त्यावरूनच कळणार आहे.

दुसऱ्या खेपेला गोंदण आलं, पण काळं, पेनाचा ठिपका दिल्यासारखं. मूळ फोटोतून न घेता वरून काढलेलं. परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. या वेळी त्यानं बटण न वापरता आईचा चेहरा हातानं केला: डोळ्यांखालची सावली थोडी हलकी, कपाळावर कुंकू फिसकटलेलं ते नीट, बाकी सुरकुत्या जिथल्या तिथं. म्हणाला, या एका फोटोला पाऊण तास लागला. मला आबांची आठवण झाली, पण त्याला ते बोलून दाखवलं नाही. पुन्हा दर वाढवायचा. या सगळ्या फेऱ्यांत दिवाळीनंतरचे पाच आठवडे गेले. ठरलं होतं तीन. घाई असेल त्यांनी हे धरून चालावं.

आणखी एक प्रस्ताव त्यानं ठेवला होता, तोही सांगते, कारण हल्ली सगळेच स्टुडिओ ठेवतात. आबांचा जुना फोटो द्या, १,५०० रुपयांत ग्रूपमध्ये आईच्या शेजारी उभे करून देतो, कोटबीट घालून. नमुने दाखवले. एका फोटोत सगळ्या घराच्या सावल्या उजवीकडं आणि गेलेल्या आजोबांची डावीकडं. दुसरा बरा होता, पण आजोबा मुलापेक्षा तरुण. दादाला कल्पना आवडली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं टेबल आलंय न्हवं? मग त्ये आलंच की." विषय तिथं संपला आणि पंधराशे वाचले.

छपाईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ती चोख आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. चोवीस इंचांवर पसरले तर इंचाला अडीचशे. भिंतीवरच्या फोटोला एवढं पुष्कळ. कागद मॅट घेतला, खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. फ्रेमच्या मागं मात्र पुठ्ठ्याला नुसती चिकटपट्टी होती, ती मी खिळे मारून पक्की करून घेतली. मे महिन्यात ती सुटणार हे मला माहीत आहे, शाळेतल्या सगळ्या थोर पुरुषांच्या फ्रेमा मीच चिकटवते.

पुन्हा जाईन का? जाईन. पाचपैकी साडेतीन तारे. फोटो काढण्याचे आणि वागण्याचे चार, रिटचिंगचे पहिल्या खेपेला एक आणि तिसऱ्या खेपेला साडेचार. तुम्ही जाणार असाल, याच्याकडं किंवा कुणाकडंही, तर आगाऊ पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी लिहून द्या: ग्रूप फोटो एफ ८ च्या आसपास, आणि कुणाच्याही कातडीचा रंग बदलायचा नाही. घरातल्या कुणाला तीळ, वण, गोंदण ठेवायचं असेल तर त्याचीही नावानिशी यादी द्या. तोंडी सांगितलेलं फोटो काढणाऱ्याला लक्षात राहतं. बटण दाबणारा माणूस दुसरा असतो.

फ्रेम टेबलाच्या वरच लावली आहे. सोळा बाय चोवीसमध्ये आईचं गोंदण खसखशीच्या दाण्याएवढं येतं. लावली त्या दिवशी आईनं आबांच्या खणातलं भिंग काढलं, स्टुलावर चढू नको म्हणत असताना चढली, आधी स्वतःची हनुवटी बघितली, मग मागचं टेबल, आणि मग एकेक करून सगळ्यांचे चेहरे. काकांपाशी थांबली.

"शर्टाचं बटण उघडं हाय बघ ह्यांचं," ती म्हणाली. "त्ये लावायचं ऱ्हायलं त्याच्या हातनं."